सांडशी आधी, सुरी नंतर

लोहारकामाचा दोन-तीन दिवसांचा प्राथमिक वर्ग बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. एस-हुक, भिंतीवरचा आकडा, पानाच्या आकाराची किल्लीची कडी, पीळ दिलेली सळई. शिकणारा हात काळे करून खुशीत घरी येतो आणि आठवडाभरात पुढच्या वर्गाची चौकशी सुरू करतो. मागणी ठरलेली असते : आता सुरी करायची. व्हिडिओ पाहून पाहून ती डोक्यात पक्की बसलेली असते.

दुसऱ्या टप्प्यावर सुरी हा सगळ्यात वाईट धडा आहे. सुरी वेडीवाकडी ठोकली गेली तरी ग्राइंडर सगळे पोटात घालतो. घासून घासून शेवटी काहीतरी चकचकीत हाती येते आणि हातोडा सुधारला की नाही, हे कळतच नाही. सांडशीला ही सवलत नाही. तिची दोन पाती जुळली नाहीत, तर ती धड उघडत नाही, धड मिटत नाही आणि तापलेली सळई तिच्यातून निसटून पायावर येते. म्हणून जो वर्ग स्वतःला 'इंटरमीजिएट' म्हणवतो, त्याच्या यादीत सांडशी आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहावे.

पहिली इयत्ता नकळत पार केलेले लोक महाराष्ट्रात पुष्कळ सापडतात. इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉपच्या तासात 'स्मिथी'चा एक जॉब असतो. गोल सळई तापवायची, ठोकून चौकोनी करायची, टोक काढायचे, वाकवून हुक करायचा. त्यातला निम्मा जॉब वर्कशॉपच्या मामांनीच ठोकून दिलेला असतो, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या इयत्तेत लोखंड हलते, एवढे कळते. दुसरीत ते हवे तिथेच आणि हवे तेवढेच हलवायचे असते. शिवाय एकदा जमलेली वस्तू पुन्हा तशीच करता आली पाहिजे. अमेरिकेत 1973 मध्ये स्थापन झालेल्या 'अबाना' या लोहारांच्या संघटनेने शिक्षणाचे तीन टप्पे आखले आहेत. अशा कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमाचा मधला भाग पाहिला, तर त्यात साधारण तेच विषय येतात : स्वतःची अवजारे करणे, तापल्या लोखंडात भोक पाडणे, वेल्डिंगच्या मशीनशिवाय सांधे जोडणे आणि पोलादाला पाणी देणे. वळणदार वेलबुट्टी त्यांच्या मागून येते.

वर्गाला जाण्याआधी थोडे गणित करून ठेवावे. लोखंड ठोकल्याने आकार बदलतो, घनफळ जवळपास तेवढेच राहते. 20 मि.मी. चौरस सळई ठोकून 10 मि.मी. चौरस केली, तर तिची लांबी चौपट होते. चौकोनी सळईला 90 मि.मी. लांब, अगदी टोकदार निमुळते टोक काढायचे असेल, तर त्यासाठी सळईतले फक्त 30 मि.मी. पुरतात, कारण अशा सुळक्याचे घनफळ तेवढ्याच लांबीच्या सरळ सळईच्या एक तृतीयांश असते. नवशिका अंदाजाने वीतभर लोखंड तापवतो आणि टोक हातभर लांब झाले की कापत बसतो. ज्याला हे हिशेब येतात, तो ऐरणीवर खडूची खूण करून ठोकतो आणि चार आकडे एका मापाचे काढतो. भट्टीत दर तावाला वरची पापुद्री झडून थोडे लोखंड वाया जाते. त्याची तूट मनात धरावी, इतकेच.

आता सांडशी. वर्गात ती बहुधा 20 मि.मी. चौरस माइल्ड स्टीलच्या सळईतून करतात. टोकाकडचा सुमारे 30 मि.मी. भाग ऐरणीच्या जवळच्या कडेवर ठेवायचा आणि हातोडा असा मारायचा, की त्याचे अर्धे तोंड ऐरणीवर आणि अर्धे कडेबाहेर पडेल. जाडी निम्मी झाली, की जबडा तयार झाला आणि त्याच्या मागे एक स्वच्छ खांदा उभा राहिला. मग सळईला पाव फेरा द्यायचा, ती ऐरणीच्या पलीकडच्या कडेवर तिरपी धरायची आणि रिव्हेट जिथे बसणार तो भाग दाबायचा. पुन्हा त्याच दिशेने पाव फेरा, पुन्हा अर्धा घाव, आणि दांड्याची सुरुवात झाली.

घोळ होतो तो इथेच. पहिले पाते नीट झाले, की शिकणारा दुसरे त्याच्या समोरासमोरचे, म्हणजे उलट्या दिशेने फिरवून करतो. कैचीची दोन पाती डोळ्यांसमोर असल्यामुळे डावे-उजवे करायचे असते, असे त्याला वाटते. सांडशीची दोन्ही पाती मात्र हुबेहूब एकसारखी लागतात. दोन्ही वेळा फेरा एकाच बाजूला द्यायचा, पाती शेजारी ठेवली तर ओळखू येऊ नयेत. एक उलटे झाले तर ती दोन पाती कधीच एकत्र बसत नाहीत आणि पुन्हा नव्या सळईपासून सुरुवात करावी लागते. चांगला शिक्षक ही चूक आधी सांगतो. काही शिक्षक मुद्दाम सांगत नाहीत; तेही वाईट नव्हे, फक्त वर्गात जास्तीची सळई हवी.

दांडा लांबवण्याचे काम कंटाळवाणे, पण हात तयार होतो तो त्यातच. 20 मि.मी. चौरस सळईचे 75 मि.मी. ठोकून 10 मि.मी. गोल केले, तर सुमारे 380 मि.मी. लांब दांडा मिळतो. गोल करायचा म्हणून आधीपासून गोल ठोकत सुटू नये, आतून चीर पडते. आधी चौकोनी ठेवूनच लांबवावे, मग कोपरे मारून अष्टकोनी करावे आणि शेवटी गोल. ऐरणीच्या सपाट माथ्यापेक्षा तिच्या शिंगावर ठोकले तर लोखंड लवकर लांबते, हे अनेकांना दुसऱ्या वर्गातच पहिल्यांदा कळते.

रिव्हेट 10 मि.मी.चा असेल, तर डोके करण्यासाठी बाहेर सुमारे 15 मि.मी. राहू द्यावा, म्हणजे व्यासाच्या दीडपट. गरम रिव्हेट ठोकला की सांडशी आवळून बसते, उघडता उघडत नाही. घाबरायचे कारण नसते. सांधा पुन्हा लाल करून तो निवेपर्यंत सांडशी उघडमीट करत राहिले, की ती मोकळी होते. मग जबडे तापवून, ज्या मापाची सळई धरायची तिच्यावर आवळून शेवटचा आकार द्यायचा. प्रत्येक मापाच्या सळईला वेगळी सांडशी लागते. लोहाराच्या भिंतीवर दहा-बारा सांडश्या टांगलेल्या दिसतात त्या उगाच नाहीत.

भोक पाडण्याचा धडाही मधल्या इयत्तेचाच. ड्रिलने भोक पाडले तर लोखंड भुसा होऊन बाहेर पडते आणि सळई तिथे कमजोर होते. लोहार छिन्नीने गरम सळईत उभी चीर पाडतो आणि त्या चिरेत गावदुम सुंबा ठोकून ती रुंद करतो. लोखंड बाजूला सरकते, जात नाही. हातोड्याला किंवा कुऱ्हाडीला दांडा बसवण्याचे भोक याच रीतीने होते. चीर किती लांब हवी? 20 मि.मी. व्यासाच्या भोकाचा परीघ सुमारे 63 मि.मी. असतो, म्हणून चीर त्याच्या निम्मी, म्हणजे 31 मि.मी.च्या आसपास, रुंद होताना लोखंड ताणलेही जाते, म्हणून प्रत्यक्षात थोडी कमीच. चार-पाच घावांनंतर छिन्नी बाहेर काढून पाण्यात गार करावी, आणि भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकावी. पूड टाकली नाही तर सुंबा आत अडकून बसतो. मग तो काढायला अख्खा वर्ग गोळा होतो.

बाहेरून धारदार काटकोन असलेला कोपरा हा आणखी एक जुना धडा. सळई नुसती वाकवली तर बाहेरचा कोपरा गोल होतो आणि तिथली जाडी कमी होते. तो भरून काढायला फक्त कोपरा पिवळा होईतो तापवायचा, दोन्ही बाजूंना पाणी सोडून त्या काळ्या करायच्या आणि टोकांवरून ठोकून लोखंड कोपऱ्यात दाबायचे. आतली बाजू थोडी गोलसरच ठेवावी. तिथे घडी पडली, तर ती पुढे चिरेत बदलते आणि कोपरा तुटतो. दिसायला साधा, पण हातात किती शिस्त आहे हे दाखवणारा याच्यासारखा दुसरा नमुना नाही.

सांध्यांमध्ये कुसू घालून ठोकलेला सांधा, पट्टी गरम करून गुंडाळलेली बांधणी आणि रिव्हेट, हे तीन बहुतेकांना जमतात. भट्टीतच दोन तुकडे एकजीव करण्याचा सांधा मात्र अनेकांना रडवतो. त्याचे रहस्य निम्मे भट्टीत असते. कोळशाचा थर जाड हवा, तळाशी साचलेला खंगर आधी काढून टाकलेला हवा आणि वारा बेताचा हवा. वारा जास्त झाला की लोखंडावर पापुद्री चढते आणि दोन तुकड्यांमध्ये तीच आडवी येते. टोके तिरपी, मध्ये किंचित फुगीर ठोकून घ्यायची, म्हणजे मळी कडेने बाहेर पळते. लाल असताना वर टाकणखार टाकायचा; तो वितळून पापुद्री सैल करतो. मग पृष्ठभाग ओलसर, लोणी लागल्यासारखा चकाकू लागेपर्यंत थांबायचे. ठिणग्या उडू लागल्या तर लोखंड जळते आहे. बाहेर काढल्यावर हातात दोन-तीन सेकंद असतात. पहिले घाव हलके आणि भराभर. जोरात मारले तर तुकडे एकमेकांवरून घसरतात.

पाणी देण्याच्या धड्यासाठी वर्गात किमान अर्धा दिवस राखून ठेवलेला असावा. तेवढा नसेल तर तो वर्ग अपुरा समजावा. गावच्या लोहाराकडून कोयत्याला किंवा विळ्याला पाणी देऊन घेतलेले आपण पाहतो, पण तिथे दोन वेगळी कामे एकापाठोपाठ होतात. पहिले काम कडक करण्याचे. साधे कार्बनचे पोलाद सुमारे 770 अंश सेल्सिअसला लोहचुंबकाला चिकटणे सोडते. चुंबक धरून पाहावे, चिकटला नाही की किंचित आणखी तापवून विझवावे. तापमानाचा रंग सावलीतच पाहावा. भर उन्हात सळई काळी दिसते आणि शिकणारा ती गरजेपेक्षा फार तापवून बसतो.

विझवलेले पोलाद काचेइतके ठिसूळ असते, म्हणून दुसरे काम ते थोडे मऊ करण्याचे. छिन्नीच्या टोकाकडचा चार-पाच सें.मी. भाग तापवून त्यातला अर्धाच विझवतात, विटेच्या तुकड्याने घासून धार चकचकीत करतात आणि मागे उरलेली उष्णता पुढे सरकताना रंगांकडे पाहत राहतात. आधी फिका पिवळा येतो, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. लाकडाच्या पटाशीला 240 अंशांच्या आसपासचा गडद पिवळा चालतो. लोखंड कापायच्या छिन्नीला जांभळा, साधारण 270 ते 280 अंश. स्प्रिंगला निळा, 300 अंशांच्या आसपास. हवा तो रंग धारेवर पोहोचला की पुन्हा पाण्यात. ही चार मिनिटे वर्गात कुणी बोलत नाही, आणि बोलूही नये. रंग कुणासाठी थांबत नाहीत.

माल कोणता, हेही शिक्षकाला विचारावे. आपल्याकडे ट्रकचा जुना पाटा सहज मिळतो आणि पुष्कळ कोयते त्यातूनच होतात. हे सिलिकॉन-मँगनीजचे स्प्रिंग पोलाद असल्याने ते तेलात विझवणे बरे. पाण्यात तडकण्याची भीती असते. त्यातही पाटा वर्षानुवर्षे वाकून वाकून दमलेला असतो आणि आत न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. म्हणून एक छोटा तुकडा आधी कडक करून मोडून पाहावा. तुटलेली कड बारीक, राखाडी, मऊशार दिसली तर ताव बरोबर होता. खरखरीत आणि लखलखीत दिसली तर पोलाद फार तापले. बांधकामाच्या सळईत किंवा माइल्ड स्टीलमध्ये कार्बन इतका कमी असतो, की त्याला धार धरण्याइतके पाणी चढत नाही. त्याची सुरी करून देणारा वर्ग शोभेची वस्तू देतो.

विझवण्याचे तेल झाकण असलेल्या धातूच्या डब्यात हवे आणि झाकण हाताशी हवे, कारण पेटले तर त्यावर पाणी ओतता येत नाही. गाडीचे वापरलेले काळे तेल घेऊ नये, त्याचा धूर विषारी असतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप किंवा पत्रा भट्टीत घालू देणाऱ्या जागेतून तर सरळ निघून यावे. त्यावरचा जस्ताचा थर सुमारे 900 अंशांना उकळून वाफ होतो आणि ती वाफ घेतली की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. सुती कपडे, बंद चामडी बूट, डोळ्यांना चष्मा. ओढणी, उपरणे, सैल बाही नको. जमिनीवर पडलेले काळे लोखंड उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहावी. लाल लोखंडाने कुणी भाजत नाही, भाजतो तो काळ्याने.

हातोड्याचे वजन हा पुरुषार्थाचा विषय करू नये. एक किलो, फार तर सव्वा किलोचा हातोडा मधल्या वर्गाला पुरतो. सरळ उभे राहून हात खाली सोडला, की मुठीची हाडे जिथे येतात तेवढी ऐरणीची उंची असावी. ऐरण उंच असेल तर कोपर दुखायला लागते आणि ते दुखणे महिनोनमहिने जात नाही. आपल्याकडचा पारंपरिक लोहार जमिनीवर बसून काम करतो, त्यामुळे त्याच्याकडे शिकताना मांडी आणि पाठ यांची सवय वेगळी करावी लागते.

मोठ्या कामाला दुसरा माणूस लागतो. महाराष्ट्रात रस्त्याच्या कडेला पाल टाकून काम करणारे घिसाडी कुटुंब पाहिले, तर तिथे घण बहुधा बाईच्या हातात असतो. नवरा सांडशीने लोखंड धरून छोट्या हातोड्याने जागा दाखवतो, ती नेमक्या त्याच जागी घण घालते. दोघांत शब्दही होत नाही. वर्गात घण मारणे हा स्वतंत्र धडा असावा. धरणाऱ्याचा हातोडा जिथे पडला तिथेच घण पडला पाहिजे, आणि त्याने ऐरणीवर रिकामा ठोका दिला की घण थांबला पाहिजे. जो नीट घण मारू शकतो, त्याला कोणत्याही लोहाराकडे शिकायला दार उघडे असते. फुकट घण मारणारा कुणाला नको असतो?

आता शिकायचे कुठे. पिढीजात लोहारकाम करणाऱ्यांसाठी 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या 18 व्यवसायांत लोहार आहे, हातोडी आणि अवजारांचे संच बनवणारेही आहेत. मूलभूत प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचे, म्हणजे 40 तासांचे. प्रगत प्रशिक्षण 15 दिवसांचे, 120 तासांचे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये भत्ता मिळतो आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरवर आधारने होते, एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि सरकारी नोकरी असलेल्या घराला तो नाही. लहान वयात पूर्णवेळ शिकायचे असेल, तर आयटीआयच्या यादीत 'फोर्जर अँड हीट ट्रीटर' हा ट्रेड आहे. तो जवळच्या संस्थेत चालतो का, ते प्रवेशाच्या वेळी विचारावे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम हाताने करत शिकण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे भर वेल्डिंग-फॅब्रिकेशनवर, पण लोखंडाची ओळख व्हायला ती जागा उत्तम.

हौसेने शिकणाऱ्याला खासगी वर्ग किंवा एखाद्या कारागिराची शिकवणी हेच मार्ग उरतात. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. ऐरण माणशी एक आहे की चौघांत एक? शिक्षक एकदा करून दाखवल्यावर शिकणाऱ्याला तीच वस्तू दुसऱ्यांदा करायला लावतो का? बिघडलेले तुकडे घरी नेऊ देतात का? तिसरा प्रश्न विचित्र वाटेल, पण बिघडलेली पाती समोर ठेवून पाहिली, की कुठला घाव चुकला ते आपसूक दिसते. वर्गाच्या आधी आठवडाभर मुलांच्या रंगीत क्लेची सळई करून लाकडी ठोकळ्यावर हे सगळे टप्पे करून पाहावेत. तापलेले लोखंड जवळपास तसेच सरकते आणि सांडशीचा पाव फेरा कोणत्या बाजूला, हे तिथेच डोक्यात बसते.

गावातल्या लोहाराकडे शिकायला जायचे असेल, तर महिना पाहून जा. मे-जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर त्याच्याकडे कुळवाच्या फासा आणि खुरपी पाजवायला रांग असते, दसऱ्याच्या सुमारास ऊसतोडीच्या कोयत्यांची गर्दी असते आणि एप्रिलमध्ये पत्र्याखाली भट्टीपाशी उभेही राहवत नाही. डिसेंबर-जानेवारीत जा, जाताना 20 मि.मी.ची चौरस सळई आणि कोळशाचे एक पोते स्वतःचे घेऊन जा, आणि पहिल्या दिवशी फक्त घण मागा.